पाण्यातलं की डोक्यातलं?

मुलीच्या डोक्यात उवा झाल्या आहेत, ही बातमी सगळ्यांत शेवटी मॅडमना कळली. वर्गशिक्षिकेला माहीत होतं, शेजारणीला माहीत होतं, सासूबाईंना तर केव्हापासूनच माहीत होतं. पण मॅडमना सांगायचं कोणी?

मॅडम शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत कीटकनाशक विभागाच्या प्रमुख होत्या. लोक पितात त्या पाण्यात शेतातलं, बागेतलं किंवा आणखी कुठलं औषध उतरलं आहे का, हे शोधून काढणं त्यांचं काम. तळ्यात चिमूटभर काही पडलं तरी ते त्यांना सापडायचं. रोज अशा गोष्टी शोधणाऱ्या माणसाचा जगावरचा विश्वास उडतो, तसा त्यांचाही उडाला होता. त्यांच्या घरात कुठल्याही किड्यावर कुठलंही औषध वापरायला बंदी होती. डासांना मच्छरदाणी, मुंग्यांना ओलं फडकं आणि झुरळांना नवऱ्याची चप्पल. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा आणि स्वभावाने इतका मऊ होता, की चप्पल उगारण्याआधी झुरळाला पळून जायची संधी द्यायचा.

“उवांना फणी,” मॅडमनी निकाल दिला. “बारीक दातांची फणी आणि चिकाटी. बाकी काही लागत नाही.”

“अगं, तिच्या वर्गातल्या सगळ्या पोरी ते औषध लावतायत,” सासूबाई म्हणाल्या. “एकदा लावलं की सुटका.”

“आई, त्या औषधात काय असतं माहितीय का तुम्हाला? पिकावर फवारतात तेच, फक्त सुवासिक करून. माझ्या पोरीच्या टाळूवर मी ते घालू देणार नाही.”

फणी सुरू झाली. मुलगी रडायची, मॅडम भिंग लावून लिखा शोधायच्या आणि भूगोलाचे सर दिवा धरून उभे राहायचे. उवा मात्र कमी होईनात. उलट एका संध्याकाळी जेवताना मॅडमनीच डोकं खाजवलं. मग कानामागे खाजवलं.

“कामाचा ताण,” त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलाने छताकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सर शाळेतून परतले ते औषधाच्या दुकानावरून, आणि घरात शिरताना त्यांचा एक हात सारखा खिशावर होता.

सासूबाईंनी ते औषध तेलाच्या बाटलीत ओतलं आणि बाटली खूप वेळ हलवली. आधी नातीचं डोकं झालं. मग संध्याकाळी मॅडम दमून घरी आल्या, तेव्हा सासूबाई पाटावर बसल्या होत्या आणि त्यांनी पुढे उशी टाकून ठेवली होती.

“ये, बैस. तेल लावून देते.”

मॅडम चमकल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण दोघींमध्ये कधी भांडण नव्हतं आणि कधी सलगीही नव्हती. दवाखान्यात नंबरची वाट बघणारी दोन माणसं शेजारी बसून जशी अदबीने वागतात, तशा त्या एका घरात वागत आल्या होत्या. मॅडम संकोचून उशीवर बसल्या. सासूबाईंची बोटं केसांतून फिरू लागली तसे त्यांचे डोळे मिटले. आपली आई गेल्यापासून आपल्या डोक्यावर असा कोणाचा हात फिरला नव्हता, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी त्या आपणहून उशी घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशीही, आणि मग रोजच.

उवा गेल्या. मॅडमनी भिंगातून खात्री केली, फणी उकळत्या पाण्यात घातली आणि घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “बघितलंत? विषाचा एक थेंब न वापरता!”

“खरंच गं,” सासूबाई म्हणाल्या आणि वाटाणे सोलत राहिल्या. पालकसभेत मॅडमनी या विषयावर लहानसं भाषणही केलं. सर सगळ्यांत मागे बसले होते. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनी वाजवल्या, पण मान वर केली नाही.

यानंतर थोड्याच दिवसांनी शहराच्या पाण्यात विष सापडलं.

प्रयोगशाळेतलं काम तसं ठरलेलं असे. मोठ्या काचेच्या बाटलीतून पाणी येतं. ते बूच आणि तोटी असलेल्या नरसाळ्यात घ्यायचं, त्यात द्रावक घालायचं आणि हात भरून येईपर्यंत हलवायचं. पाण्यात औषधाचा अंश असेल तर तो पाणी सोडून द्रावकात येतो. मग तो द्रावक मंद वाऱ्याखाली आटवत आटवत थेंबाएवढा करायचा आणि बारीक सुईने यंत्रात सोडायचा. यंत्र पडद्यावर रेघ काढतं. रेघ सपाट गेली तर पाणी चांगलं. रेघेने डोकं वर काढलं, म्हणजे शिखर आलं, तर कुठलं औषध आणि किती, तेही यंत्र सांगतं.

आणि या सगळ्याबरोबर एक ब्लँक करायचा. म्हणजे ज्यात काहीच नाही असं शुद्ध पाणी घ्यायचं आणि त्याचंही अगदी तेच सगळं करायचं. ब्लँकमध्ये शिखर आलं, तर समजायचं की घाण पाण्यात नाही, आपल्याच भांड्यात किंवा आपल्याच हातात आहे. प्रयोगशाळेत नमुने मॅडम करायच्या आणि ब्लँक काका करायचे. ही वाटणी कधी ठरली ते कोणालाच आठवत नव्हतं. काका म्हणजे त्यांचे सहकारी, वयाने मोठे, अबोल, आणि डोक्यावर एकही केस नसलेले.

त्या सकाळी जलशुद्धीकरण केंद्रातून आलेल्या नमुन्यात दोन शिखरं दिसली. शेजारी शेजारी, जुळ्या भावांसारखी.

“परमेथ्रिन,” मॅडमनी त्या कीटकनाशकाचं नाव घेतलं. “काका, तुमचा ब्लँक?”

काकांनी पडद्यावर बोट ठेवलं. रेघ झोपल्यासारखी सपाट होती.

मॅडमनी नमुना पुन्हा केला. या खेपेला त्या अधिक काळजीपूर्वक वागल्या. नवे हातमोजे घातले, अंबाड्यात खोचलेलं पेन काढून प्रत्येक भांड्यावर नव्याने खूण केली आणि पेन परत अंबाड्यात खोचलं. शिखरं आली ती आधीपेक्षा उंच. मर्यादेच्या बरीच वर.

संचालकांनी कागद पाहिला आणि चष्मा काढला. “बाई, पूर्ण खात्री आहे ना? शहराचं पाणी बंद करायचं म्हणजे काही खायचं काम नाही.”

“सर, मी स्वतःच्या हाताने केलंय. ब्लँक स्वच्छ आहे. दोनदा केलंय.”

“पण हे आलं कुठून?”

मॅडमकडे उत्तर तयार होतं, कारण तो विषय त्यांच्या मनाला लागलेलाच होता. “उवांच्या औषधातून, सर. शाळांमधून साथ आहे. घरोघरी लोक पोरांच्या डोक्याला हे चोपडतात आणि धुऊन गटारात सोडतात. मी पालकसभेत घसा कोरडा करून सांगितलं. आता भोगा म्हणावं.”

दुपारी शहराचं पाणी बंद झालं.

केंद्राचे अभियंता संतापून प्रयोगशाळेत आले. धिप्पाड माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात स्वतः भरून आणलेली बाटली. “माझ्या केंद्रातलं पाणी मी स्वतः पितो, मॅडम. माझी मुलं पितात. हे घ्या, मी माझ्या हाताने भरलंय. करा तपासणी माझ्यासमोर.”

मॅडमनी त्यांच्यासमोर तपासणी केली. जुळी शिखरं आली. अभियंता खुर्चीत बसले आणि बाटलीकडे बघत राहिले. “मुलं पितात हो,” ते पुन्हा म्हणाले, पण आता अगदी हळू. मॅडमना त्यांची दया आली.

शहरात टँकर फिरू लागले. घरात सासूबाई बादल्या, पातेली आणि भूगोलाच्या सरांना घेऊन रांगेत उभ्या राहू लागल्या. “कोण मेलं हे पाणी बंद करून बसलंय?” रांगेतली एक बाई म्हणाली, तशी नात अभिमानाने म्हणाली, “माझी आई!” त्यानंतर सासूबाई तिला रांगेत नेईनाशा झाल्या.

प्यायला जेमतेम पाणी, तिथे अंघोळ बेताची आणि डोक्यावरून पाणी घेणं तर बंदच. मॅडम प्रयोगशाळेतून परतायच्या त्या पार पिळून निघालेल्या असायच्या.

“डोकं धुता येत नाही, तर निदान तेल तरी लावते,” सासूबाई म्हणायच्या. मॅडम उशी ओढून बसायच्या. त्या दिवसांत तेवढाच काय तो त्यांना विसावा होता.

आणि इकडे शिखरं चढत होती. पाणी बंद, नदीवर पहारा, तरी विष दर दिवशी वाढतच होतं. मॅडमनी जुन्या विहिरींचं पाणी तपासलं, त्यात सापडलं. इस्पितळाच्या टाकीत सापडलं. टँकर ज्या लांबच्या तलावावरून येत होते, त्या तलावात सापडलं. टँकरही थांबवावे लागले. शेवटी संचालकांनी दुकानातून बंद बाटली आणवली, जिच्यावर बर्फाळ डोंगराचं चित्र होतं. मॅडमनी ती फोडली, तपासली आणि पडद्यासमोर नुसत्या बसून राहिल्या.

“यातही?” संचालक म्हणाले. “बाई, मग माणसांनी प्यायचं तरी काय?”

डोंगराच्या बाटलीत उवांचं औषध कसं जाईल? गटारातलं पाणी डोंगर चढत नाही. इतके दिवस त्यांच्या मनात संताप होता, तो पहिल्यांदाच ओसरला आणि त्याच्या जागी एक थंडगार शंका येऊन बसली. त्या उठल्या.

“काका, आज अदलाबदल करू या. नमुने तुम्ही करा. ब्लँक मी करते.”

काकांनी मान हलवली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, पण ते काही विचारत नसत. दोघं दोन टेबलांवर पाठीला पाठ लावून काम करत राहिले. काकांच्या नमुन्यांची रेघ आधी आली. केंद्राचं पाणी, जुळ्यांच्या जागी सपाट. तलावाचं सपाट. डोंगर सपाट. जुळ्या शिखरांचा कुठे मागमूसही नव्हता. मग मॅडमचा ब्लँक आला. ज्यात काहीच नाही अशा त्या शुद्ध पाण्यातून जुळी शिखरं अशी उसळली, की पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली.



“माझ्यात आहे,” मॅडम म्हणाल्या. “काका, हे पाण्यात नाहीच. हे माझ्यात आहे.”

मग त्यांनी स्वतःचीच तपासणी सुरू केली. नवे हातमोजे द्रावकात बुडवले, कोट बुडवला, हात धुवायचा साबण बुडवला. एकेक स्वच्छ निघत गेलं. वापरलेल्या हातमोज्यांच्या फक्त उजव्या हाताच्या बोटांवर सापडलं. मॅडम कागदावर ते टिपायला लागल्या आणि त्यांनी सवयीने पेन घेण्यासाठी हात वर केला.

हात अंबाड्यापाशी थांबला. काका तिकडेच बघत होते.

“काका, कात्री द्या.”

त्यांनी अंबाड्याखालची बारीकशी बट कापली, द्रावकात बुडवली आणि तो द्रावक यंत्रात सोडला. पुढे जे झालं, त्याला शिखर म्हणणं बरोबर नव्हे. रेघ सरळ वर गेली आणि परत खाली यायचं नावच घेईना. यंत्र तडकाफडकी बंद पडलं. काकांनी नकळत आपल्या गुळगुळीत टाळूवरून हात फिरवला.

घरी आल्यावर मॅडमनी पर्सही खाली ठेवली नाही. “आई, तेलात काय आहे?”

सासूबाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं, पण त्यात लपायला जागा नव्हती.

“मी आणलं,” सर म्हणाले. “पोरगी रडायची गं रोज. आणि तुझ्याही डोक्यात…”

“माझ्या डोक्यात?”

“होत्या,” सासूबाई म्हणाल्या. “चांगल्या टपोऱ्या.”

मॅडम पाटावर टेकल्या. अख्खं शहर तहानलं होतं, इस्पितळातली माणसं पाणी उसनं मागत होती, आणि ते सगळं या पाटावरून सुरू झालं होतं. पण त्यांना जे बोचत होतं ते वेगळंच होतं, आणि ते विचारताना त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला.

“म्हणजे ते तेल लावणं… ते औषधासाठीच होतं?”

“औषध पहिल्याच दिवशी घातलं, सगळंच्या सगळं. पुढे मी बाटलीत साधं तेल भरत गेले,” सासूबाई म्हणाल्या. “बाटली तीच, म्हणून तळाचं उतरत राहिलं असेल.”

“मग उवा गेल्यावरही रोज का लावत होतात?”

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “तू येऊन बसत होतीस ना, म्हणून.”

रडावं की रागवावं ते मॅडमना ठरेना, तेव्हा त्यांनी पर्स खाली ठेवली.

“उद्या बैठकीत काय सांगणार?” सरांनी विचारलं. “यंत्र बिघडलं म्हण. बिघडलंच आहे ना आज?”

संचालकांनीही फोनवर तेच सुचवलं. “तांत्रिक कारण म्हणू या, बाई. दोन शब्दांत काम होतं. तुमचीही शोभा नाही, प्रयोगशाळेचीही नाही.”

“सर, यंत्रावर ढकललं तर त्या यंत्राने आजवर दिलेला प्रत्येक आकडा खोटा ठरेल. यंत्राने एकदाही चूक केलेली नाही. ते बिचारं पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतं.”

सकाळी बैठकीची खोली गच्च भरली होती. अधिकारी होते, इस्पितळाचे लोक होते, पत्रकार होते आणि समोरच अभियंता होते, डोळे जागरणाने लाल. मॅडम उभ्या राहिल्या. रात्रभर त्यांनी भाषण मनात जुळवलं होतं आणि त्यातलं एक अक्षर आता आठवत नव्हतं.

“माझ्या डोक्यात उवा झाल्या होत्या,” त्या म्हणाल्या.

एका पत्रकाराने लिहिता लिहिता हात थांबवला. मग मॅडमनी औषध, तेल, अंबाडा, पेन आणि हातमोजे या क्रमाने सगळं सांगितलं. सासूबाईंचं नाव घेतलं नाही, नवऱ्याचं घेतलं नाही. “पाणी स्वच्छ होतं. घाण माझ्याकडून गेली. आपण वापरलेले हातमोजे आपणच तपासावेत, हे मला आधी सुचायला हवं होतं.” त्या खाली बसल्या. खोली गंभीर होती, पण हळूहळू एकेकाचा हात डोक्याकडे जाऊ लागला. इस्पितळाचे प्रमुख कानामागे खाजवत होते. संचालकांनी मोठ्या निग्रहाने दोन्ही हात टेबलावर दाबून धरले होते.

दुपारी पाणी आलं. अभियंत्यांनी जाता जाता नमस्कार केला. चेहऱ्यावर राग नव्हता, पण मिशीच्या टोकाला काहीतरी थरथरत होतं आणि ते हसू असावं, असं मॅडमना वाटलं. शहर पुढे कितीतरी दिवस हसत राहिलं. प्रयोगशाळेच्या दारावर कोणीतरी नवी कोरी फणी टांगून गेलं. मॅडमनी ती काढून आत नेली आणि रोज अंघोळीची टोपी घालून कामाला बसू लागल्या. काकांनीही टोपी घातली. गरज नव्हती, पण मॅडम एकट्या पडू नयेत म्हणून घातली.

आता मागचे सगळे नमुने नव्याने करणं भाग होतं. काकांनी एकेक करून उरकत आणले. जुळी शिखरं कुठेच नव्हती. केंद्राच्या नमुन्यापाशी मात्र ते थांबले आणि त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

“बाई, जरा बघता का?”

रेघेच्या एका कोपऱ्यात लहानसा उंचवटा होता. मॅडमनी जुने कागद काढले. तो तिथेही होता. काकांच्या हातून गेलेल्या नमुन्यातही होता, पण त्या दिवशी दोघांची नजर जुळ्यांच्याच जागेवर होती. जुळ्या डोंगरांच्या पायथ्याशी बसलेला तो ठेंगणा उंचवटा इतके दिवस कोणी पाहिलाच नव्हता. यंत्राने ओळख पटवली: तणनाशक. भयंकर नव्हतं, पण मर्यादेच्या वर होतं. मॅडमनी केलं, काकांनी केलं, दोघांचे ब्लँक स्वच्छ. पुन्हा केलं. तसंच.

संचालकांनी कागद हातात घेतला नाही. “नको,” ते म्हणाले. “बाई, तुमच्या पाया पडतो. पुन्हा नको.”

मॅडमनी अभियंत्यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“तणनाशक?” अभियंता म्हणाले. “मॅडम, हे आता कोणाच्या डोक्यातलं?”

मॅडमचे कान तापले. विष नव्हतं तेव्हा साऱ्या शहराने त्यांच्या एका शब्दावर नळ बंद केले होते. आता होतं, तर त्यांच्या शब्दाला कोणी विचारत नव्हतं. “साहेब,” त्या शक्य तितक्या शांतपणे म्हणाल्या, “तण डोक्यावर उगवत नाही. मी तिकडे येते. काकांना घेऊन येते. बाटल्या तुमच्या माणसांनी भरायच्या, मी हातही लावणार नाही.”

केंद्रात त्यांनी नदीपासून सुरुवात केली. प्रत्येक टप्प्यावर अभियंत्यांच्या माणसाने बाटली भरली, काकांनी खूण केली आणि मॅडम हात मागे बांधून उभ्या राहिल्या. गाळण्याच्या टाक्यांपाशी आल्यावर मात्र त्या थबकल्या. टाक्यांच्या भोवती हिरवळ होती. गालिचा अंथरावा तशी, एकसारखी.

“छान राखलीय हो,” त्या म्हणाल्या.

अभियंता खुलले. “मागच्या वर्षी इथे नुसतं रान होतं. मी स्वतः लक्ष घातलं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा येतो. बघा, एक तण दाखवा.”

मॅडमनी वाकून पाहिलं. काकांनी पाहिलं. एकही तण नव्हतं. हिरवळीवर पाणी मारायचा फवारा फिरत होता आणि जास्तीचं पाणी उतारावरून ओघळत उघड्या पाटात जात होतं. तो पाट पुढे टाकीत जात होता.

“उपटता कसं इतकं?” मॅडमनी विचारलं.

“उपटतोय कुठे, मी तर…” अभियंत्यांनी पाटाकडे पाहिलं. मग फवाऱ्याकडे पाहिलं. धिप्पाड माणूस बघता बघता अर्धा झाला. त्यांनी स्वतः जाऊन फवारा बंद केला आणि तिथेच टाकीच्या कठड्यावर बसले.

“मुलं पितात हो,” ते म्हणाले.

मॅडम थोडं अंतर ठेवून शेजारी बसल्या. “पाट बंद करा, टाकी धुवा, उतरेल. मर्यादेच्या फार वर नाही. पण बैठकीत सांगावं लागेल.”

“आवारातल्या देखभालीत त्रुटी राहिली, असं…”

“नाही.”

“मग सुरुवात काय म्हणून करू? तुम्ही कशी केलीत?”

मॅडमनी विचार केला. “‘फवारण्यात आले’ असं म्हणू नका,” त्या म्हणाल्या. “‘त्रुटी राहिली’ नको, ‘निदर्शनास आले’ नको. तसं म्हटलं की लोक विचारत बसतात, कोणी फवारलं, कोणाच्या निदर्शनास आलं. ‘मी’पासून सुरुवात करा. पहिलं वाक्य गेलं की पुढची आपोआप जातात.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच खोली भरली. या खेपेला पत्रकार जास्त होते आणि पुष्कळसे हसायची तयारी करून आले होते. अभियंता उभे राहिले. त्यांनी शर्टाची बटणं चाचपली, कागद उघडला आणि घसा खाकरला.

“केंद्राच्या आवारात काही काळापासून तणनाशक फवारण्यात…”

ते थांबले. टेबलाच्या पलीकडे मॅडम बसल्या होत्या. त्यांनी मान किंचित आडवी हलवली. अभियंत्यांनी कागद घडी करून खिशात घातला.

“मी फवारलं,” ते म्हणाले.